दुखायचे थांबले, म्हणजे दात बरा झाला?

दाढ दुखू लागते ती बहुधा रात्री. दिवसभर कामाच्या गडबडीत अधूनमधून जाणवणारी कळ अंथरुणाला पाठ टेकताच ठणका धरते. घरातली मंडळी झोपलेली, दवाखाने बंद. मग मसाल्याच्या डब्यातून लवंग शोधली जाते, कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या होतात, औषधांच्या खणात उरलेली एखादी वेदनाशामक गोळी घेतली जाते. चार-सहा दिवस असेच जातात आणि एके सकाळी लक्षात येते, की दाढ दुखत नाही. गार पाणी झोंबत नाही, गरम चहाही लागत नाही. दंतवैद्याकडे घेतलेली वेळ रद्द केली जाते. लवंगेचा गुण आला, असे घरात ठरते.

दंतवैद्यकाच्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील सर्वांत काळजीचा दिवस हाच. कित्येक दिवस ठणकणारी दाढ उपचाराविना अचानक शांत होते, ती बहुतेक वेळा बरी झाल्यामुळे नव्हे, तर तिच्या आतील मज्जा मृत झाल्यामुळे. दुखणे सांगणाराच उरत नाही, म्हणून दुखणे थांबते. संसर्ग मात्र जागेवरच असतो आणि आता त्याची वाट दाताच्या मुळातून खाली जबड्याच्या हाडाकडे जाते. दातांच्या बहुतेक तक्रारींत हाताबाहेर गेलेल्या गोष्टींचे मूळ शोधू गेल्यास ते याच गैरसमजात सापडते. दुखत नाही म्हणजे सारे ठीक आहे, हा तो गैरसमज.

तो का खोटा आहे, हे कळण्यासाठी दाताची रचना थोडी समजून घ्यावी लागते. दाताचे बाहेरचे पांढरे आवरण, म्हणजे एनॅमल, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्यात ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू, ना जिवंत पेशी. त्यामुळे ते झिजले वा पोखरले गेले तरी जाणवत नाही, आणि मोडलेले हाड जसे सांधले जाते तसे ते पुन्हा भरूनही येत नाही. त्याच्या आत डेन्टिनचा थर. तो तुलनेने मऊ, पिवळसर आणि असंख्य सूक्ष्म नलिकांनी भरलेला असतो. या नलिकांमधूनच गार, गरम, गोड यांची चाहूल आत पोहोचते. सर्वांत आत मज्जेची पोकळी. बोलीभाषेत जिला 'दाताची नस' म्हणतात ती हीच, पण प्रत्यक्षात ती एक नस नसून मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि पेशी यांचा मऊ गाभा असतो. तो मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून जबड्याशी जोडलेला असतो. म्हणजेच दात किडू लागल्यापासून कीड डेन्टिनमध्ये उतरेपर्यंतचा सारा काळ शांततेचा असतो. हा काळ कित्येकदा महिन्यांचा, तर काही वेळा वर्षांचाही असू शकतो.

'कीड' या शब्दाची फसगत

दाताला कीड लागली, असे मराठीत सर्रास म्हटले जाते. या शब्दाने अनेकांची दिशाभूल केली आहे. दातात जिवंत किडा शिरतो आणि तो दात कुरतडतो, ही समजूत जगभर आढळते. प्राचीन बॅबिलोनच्या मृत्तिकाफलकांवरही दंतकृमीचा उल्लेख आहे. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले 'किडे' पाडून दाखवण्याचे प्रयोग गावोगावच्या बाजारांत होत आले आहेत. पडतात ते किडे नसतात. तरीही माणसे त्यावर विश्वास ठेवतात, कारण धुरीने काही काळ कळ कमी झाल्यासारखी वाटते. फ्रान्समधील पिएर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही दंतकृमीची कल्पना नाकारली. पुढे १८९० मध्ये बर्लिन येथे काम करणारा अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर याने तोंडातील जंतू अन्नातील पिष्ट व साखरेपासून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दाताला विरघळवते, असा सिद्धान्त मांडला. त्यात पुढे भर पडली असली तरी गाभा आजही तोच आहे.

दातावर सतत जमणाऱ्या चिकट, जवळजवळ अदृश्य थरात लक्षावधी जंतू राहतात. साखर मिळाली की ते काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. दाताच्या पृष्ठभागावरील सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला, की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. मग लाळ मदतीला येते. ती आम्ल सौम्य करते आणि आपल्यातील कॅल्शियम व फॉस्फेट दाताला परत देते. ही झीज भरून निघण्यास सुमारे अर्धा ते एक तास लागतो. दिवसातून तीन वेळा असे घडले, तर लाळ ते निभावून नेते. दर तासाला घडू लागले, तर दाताला सावरण्याची सवडच मिळत नाही.

याच कारणाने, गोड किती खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. याचा पुरावा एका अस्वस्थ करणाऱ्या प्रयोगातून मिळाला. स्वीडनमधील विपेहोल्म येथील मनोरुग्णालयात १९४५ ते १९५३ या काळात रुग्णांना त्यांची खरी संमती न घेता निरनिराळ्या प्रकारे साखर देण्यात आली. काहींना जेवणासोबत, तर काहींना मधल्या वेळेत चिकट टॉफीच्या रूपात. जेवणासोबत साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. दिवसभर टॉफी चघळणाऱ्यांचे भराभर किडले. आजच्या नैतिक कसोट्यांवर हा प्रयोग क्षणभरही टिकणार नाही आणि टिकूही नये. निष्कर्ष मात्र दंतवैद्यकाला तेव्हापासून विसरता आलेला नाही.

शहरी मराठी घराच्या दिनक्रमाला तो लावून पाहता येतो. सणाच्या पानातली पुरणपोळी किंवा श्रीखंडाची वाटी दातांची तितकी वैरी नाही, जितका कचेरीच्या टेबलाच्या खणातला बिस्किटांचा पुडा आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे साखर घातलेले पाच-सहा चहा, प्रत्येकासोबत एखादे बिस्किट, मधूनच घशाला बरे म्हणून गोड गोळी, दुपारी शीतपेयाचे घुटके. यांतील एकही गोष्ट 'गोड खाणे' या सदरात मोजली जात नाही. पण दाताच्या हिशेबात त्या सर्वांची स्वतंत्र नोंद होते. मऊ बिस्किटे, वेफर्स, चिक्की हे पदार्थ दाढांच्या खाचांत चिकटून राहतात, ही आणखी एक गोष्ट.

कळेची चढती भाजणी

कीड डेन्टिनपर्यंत पोहोचली, की पहिली सूचना मिळते. गार पाणी क्षणभर झोंबते आणि लगेच थांबते. गोड खाल्ल्यावर किंचित सळ येते. या टप्प्यावर किडलेला भाग कोरून काढून जागा भरून टाकणे पुरेसे असते. काम एकाच बैठकीत होते. पूर्वी यासाठी पारा मिसळलेली 'चांदी' भरली जाई. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर ती मागे पडत गेली असून आता दाताच्या रंगाचे मिश्रण भरणे रूढ झाले आहे. दात कोरण्याची कला मात्र आधुनिक नव्हे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सापडलेल्या सुमारे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत गारगोटीच्या टोकाने कोरलेल्या अकरा दाढा आढळल्या. हे संशोधन २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भूल नसताना ती माणसे कशी बसून राहिली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

सूचनेकडे दुर्लक्ष झाले, तर कळ बदलत जाते. आधी गार पाण्याने क्षणभर झोंबणारा दात आता पाणी गिळून झाल्यावरही मिनिटभर दुखत राहतो. पुढे गरम चहा सहन होत नाही. मग काहीही न खाता, आपोआप ठणका सुरू होतो. मज्जेला सूज आलेली असते. शरीरात इतरत्र सूज आली तर तो भाग फुगतो. दातातील मज्जा मात्र चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेली. फुगायला जागा नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. आडवे झाले की डोक्याकडील रक्तप्रवाह वाढतो आणि हा दाब आणखी चढतो. रात्रीच दाढ का ठणकते, याचे हे एक कारण. दुसरे असे, की रात्रीच्या शांततेत मन गुंतवायला दुसरे काही नसते.

या टप्प्यावर अनेकांना नेमका कोणता दात दुखतो हे सांगता येत नाही. वरची दाढ की खालची, यातही गोंधळ होतो. रुग्ण आपल्याला वेडगळ समजतील म्हणून संकोचतो. परंतु यात नवल नाही. मज्जेतील तंतू वेदना कळवतात, तिचे ठिकाण नेमके कळवत नाहीत. संसर्ग मुळाबाहेर, दात आणि हाड यांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेला, की मग बोट ठेवून दात दाखवता येतो. तो दात चावताना दुखतो आणि किंचित उंच झाल्यासारखा वाटतो. प्रत्येक दाढदुखी दाताचीच असते असेही नाही. सर्दीने सायनस भरले असतील तर वाकताना वरच्या दाढा दुखतात. चालताना किंवा जिना चढताना खालच्या जबड्यात, विशेषतः डाव्या बाजूस, कळ येत असेल आणि थांबल्यावर ती ओसरत असेल, तर दंतवैद्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

यानंतर येतो तो सुरुवातीस सांगितलेला शांततेचा दिवस. मज्जा मेली. आता एक तर मुळाच्या टोकाशी हळूहळू पू साचत राहतो आणि हिरडीवर पुटकुळी येऊन अधूनमधून फुटते, किंवा एके दिवशी गाल सुजतो. या अवस्थेत औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेण्याची पद्धत फार रूढ आहे. तीन-चार दिवसांत सूज उतरते आणि पुन्हा एकदा 'बरे झाले' असे वाटते. पण औषध रक्तातून पोहोचते, आणि मेलेल्या मज्जेत रक्तप्रवाहच उरलेला नसतो. पोकळीतील जंतूंना त्याचा स्पर्शही होत नाही. काही आठवड्यांनी सूज परत येते, तेव्हा जंतू त्या औषधाला कदाचित अधिक निर्ढावलेले असतात. पोकळी उघडून साफ करणे किंवा दात काढणे, हाच यावरचा उपाय. अँटिबायोटिकची जागा त्याच्या जोडीला आहे, तीही ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज पसरू लागली, तोंड उघडेना, गिळताना त्रास होऊ लागला, लाळ बाहेर गळू लागली, आवाज बदलला, ताप चढला, तर दुसऱ्या दिवशीच्या दवाखान्याची वाट पाहू नये. ही सूज श्वसनमार्ग दाबू शकते. अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. दाताच्या संसर्गाने माणसे दगावतात, हे ऐकून अजूनही आश्चर्य व्यक्त होते, पण ते खरे आहे.

तात्पुरत्या घरगुती उपायांपैकी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या निरुपद्रवी. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य खरोखरच बधिरता आणते, दंतवैद्यही ते वापरतात. मात्र लवंगेचे तेल हिरडीवर चोळल्यास ती भाजते. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन किडलेल्या खड्ड्यापुरतेच ते लावावे. अॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ धरून ठेवण्याचा प्रकार तर पूर्णपणे चुकीचा. त्याने दाढ थांबत नाही, गालाची आतली त्वचा मात्र जळते. सुजलेल्या गालाला शेक देऊ नये, बाहेरून थंड पट्टी ठेवावी. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण, दमा असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी वेदनाशामक गोळीही विचारूनच घ्यावी.

रूट कॅनलची भीती

मज्जा वाचण्यापलीकडे गेली असेल तर रूट कॅनल उपचार करावे लागतात. या शब्दाइतकी धास्ती दंतवैद्यकातील दुसऱ्या कोणत्याही शब्दाची नसेल. खरे तर ज्या वेदनेची भीती वाटते, ती रुग्ण उपचारांना येण्यापूर्वीच भोगून चुकलेला असतो. स्थानिक भूल दिल्यावर दाताला वरून छिद्र पाडले जाते. मुळांमधील नलिका अतिशय बारीक कानशींनी साफ करून जंतुनाशक द्रावणाने धुतल्या जातात, क्ष-किरण चित्रावर त्यांची लांबी तपासली जाते आणि शेवटी त्या गट्टापर्चा या पदार्थाने भरून बंद केल्या जातात. गट्टापर्चा हा मलाया भागातील झाडांचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारांवर याचेच वेष्टण असे. आज तो प्रामुख्याने माणसांच्या दाढांत उरला आहे. सूज फार असेल तर भूल नीट चढत नाही, ही गोष्ट खरी. पण तेही लवकर जाण्याच्याच बाजूचे कारण आहे.

रूट कॅनल झालेली दाढ ठिसूळ होते. तिच्यावर टोपी, म्हणजे क्राउन, बसवावी लागते. दुखणे थांबले म्हणून अनेक जण हा शेवटचा टप्पा गाळतात आणि काही महिन्यांनी भाजलेला चणा किंवा सुपारी फोडताना दाढ उभी चिरते. मग ती काढण्याखेरीज इलाज राहत नाही. येथेही फसवणूक केली ती वेदना थांबण्यानेच.

वरचा दात काढला की दृष्टी कमी होते, ही समजूत शिकलेल्या घरांतही टिकून आहे. डोळ्याला दृष्टी देणारा मज्जातंतू वेगळा, दातांच्या संवेदनेचा वेगळा. दात काढल्याने दृष्टीला धोका नाही. दात काढण्याचा खरा तोटा निराळा आहे. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातील दाढ त्या पोकळीत उतरू लागते, अन्न अडकू लागते आणि जबड्याचे हाड तेथे हळूहळू झिजते. एका दाढेची उणीव दहा वर्षांनी तीन दातांचे दुखणे होऊन बसते. ब्रिज, काढता-घालता येणारा दात किंवा हाडात बसवलेला टायटॅनियमचा खुंट, असे तीन मार्ग आता उपलब्ध आहेत. मात्र जपता येण्याजोगा स्वतःचा दात यांतील कोणत्याही पर्यायाहून सरस.

हिरड्यांचे मौन

किडलेली दाढ निदान एकदा तरी ओरडते. हिरड्यांचा आजार तेवढीही दया दाखवत नाही. दातांवरचा चिकट थर वेळेवर निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे तो कठीण होतो आणि त्याचे किटण बनते. ते ब्रशने निघत नाही. हिरड्या लालसर होतात, ब्रश करताना रक्त येते. रक्त येते म्हणून माणूस त्या जागी ब्रश फिरवणे सोडून देतो, आणि आजार वाढतो. पुढे हिरडी दातापासून सुटते, आतले हाड झिजते, दात लांब दिसू लागतात, फटी पडतात आणि एक दिवस दात हलू लागतो. या साऱ्या प्रवासात दुखतेच असे नाही.

किटण काढून घेतल्यावर दात सैल होतात, ही तक्रार दंतवैद्यांना नित्य ऐकावी लागते. प्रत्यक्षात दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने त्यांना गिलाव्यासारखे धरून ठेवलेले असते. गिलावा निघाला की भिंतीची खरी अवस्था दिसते, इतकेच. मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. रक्तातील साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांत सतत दाह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. हे नाते दोन्ही बाजूंनी चालते. गर्भारपणातही हिरड्या सुजतात व रक्त येते. अशा वेळी 'बाळंतपणानंतर पाहू' म्हणण्याऐवजी दंतवैद्याला दाखवणे योग्य. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्यांनी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ही माहिती दंतवैद्याला आधीच द्यावी. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा येथे टाळता येणार नाही, तो मिशरीचा. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड दात घासण्यासाठी म्हणून असंख्य स्त्रियांच्या हाती आली. अनेकींना ती दाढदुखीवरचा उपाय म्हणूनच कुणी तरी प्रथम दिली. तंबाखूने कळ थोडी बधिर होते, आणि व्यसन आयुष्यभर राहते. दंतमंजनांत तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली; महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. मिशरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कायदा कुठे गाठणार? तंबाखू, सुपारी आणि मिशरी यांचे सेवन करणाऱ्यांनी तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम आणि तोंड पुरेसे न उघडणे ही लक्षणे कधीही दुर्लक्षू नयेत. तोंडाचा कर्करोगही सुरुवातीस बहुधा दुखत नाही.

रात्रीचा ब्रश

आपल्याकडे दात घासणे हा प्रातर्विधीचा भाग. उठावे, तोंड धुवावे, मगच चहा घ्यावा, हा संस्कार पक्का आहे. कडुनिंब किंवा बाभळीच्या काडीपासून राखुंडीपर्यंत आणि मंजनापासून पेस्टपर्यंत साधने बदलली, वेळ बदलली नाही. शुचितेच्या दृष्टीने ते ठीकच. पण दातांचे शत्रू जागे असतात ते रात्री. झोपेत लाळ कमी सुटते आणि तिचे संरक्षण नाहीसे होते. रात्रीच्या जेवणाचे कण घेऊन झोपणे म्हणजे जंतूंना सहा-सात तासांची मोकळीक देणे. दोन्ही वेळा दात घासावेतच. तथापि एकच वेळ निवडायची झाली, तर ती रात्रीची असायला हवी.

ब्रश मऊ असावा, दोन मिनिटे लागावीत, आणि त्याचे केस हिरडी व दात यांच्या सांध्याकडे तिरपे धरलेले असावेत. भांडी घासल्यासारखा आडवा जोर लावल्याने दाताच्या मानेशी खाचा पडतात. त्या 'सेन्सिटिव्ह' दातांचे एक मोठे कारण असते. राख, कोळसा, विटकरीची पूड यांनीही हेच होते. लिंबू सरबत किंवा शीतपेय घेतल्यावर लगेच ब्रश करू नये. एनॅमल त्या वेळी आम्लाने मऊ झालेले असते, म्हणून अर्धा तास जाऊ द्यावा. दोन दातांमधील फटीत ब्रश पोहोचत नाही, तेथे दंतधागा वापरावा. टाचणी किंवा आगकाडी वापरू नये.

पेस्टमध्ये फ्लोराइड असावे. विरघळू लागलेल्या एनॅमलमध्ये खनिजे परत बसण्यास ते मदत करते. भारतात पेस्टमधील त्याचे प्रमाण दशलक्षांत १००० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण चार-चार चुळा भरून ते सारे धुऊन टाकू नये. फ्लोराइडची दुसरी बाजूही आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरी व विंधनविहिरींत ही समस्या आहे. तलावांतून पाणी मिळणाऱ्या शहरांत सहसा ती नसते.

मुलांच्या बाबतीत एक दाढ सर्वाधिक घात करते. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या सर्व दाढांच्या मागे, एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून किडू देतात. ती पडणार नसते. तीच आयुष्यभराची पहिली कायमची दाढ. तिच्या खोल खाचा किडण्याआधीच बुजवून घेता येतात, आणि हे काम भुलीविना, काही मिनिटांत होते. दुधाच्या दातांनाही जपावे लागते, कारण ते मागून येणाऱ्या दातांची जागा राखतात. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवले, तर वरचे पुढचे दात वर्ष-दोन वर्षांतच काळे पडू शकतात. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा.

मूल पडून कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मूळ चोळू नये. माती लागली असल्यास दुधाने किंवा पाण्याने क्षणभर धुऊन शक्य तर लगेच जागेवर बसवावा व रुमाल चावून धरायला सांगावे. ते जमले नाही तर दात गार दुधात बुडवून दंतवैद्याकडे धाव घ्यावी. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा, तासाभरानंतर शक्यता झपाट्याने कमी होते. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

राहिला प्रश्न पैशांचा, आणि तो अनेक घरांत खरा अडसर असतो. बहुतेक आरोग्य विमा योजनांत अपघात वगळता दातांच्या उपचारांचा समावेश नसतो. लहान खड्डा भरण्यास लागणाऱ्या रकमेच्या कित्येक पट खर्च रूट कॅनल व टोपीला येतो, आणि त्याहून अधिक कृत्रिम खुंटाला. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही, त्यांच्यासाठी मुंबईत महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय व सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खासगी दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतही विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, आणि दर बाहेरच्यापेक्षा कमी असतात. रांग लागते, एका दाढेसाठी तीन-चार खेपा होतात. सकाळी लवकर गेल्यास केसपेपर वेळेवर निघतो. जाताना आधीचे क्ष-किरण चित्र, चालू असलेल्या औषधांची यादी आणि मधुमेह असल्यास रक्तशर्करेचा अलीकडचा अहवाल सोबत ठेवावा. आणि उपाशी पोटी जाऊ नये. भूल देण्यापूर्वी नाश्ता केलेला असणेच चांगले.